पिशवीनं पाहिलेले हात

वाचनालयाच्या फळ्यावर निलेशनं सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं : 'बालकथा समजून घेऊया – विषय, रचना आणि दृष्टिकोन.' निलेश हा वाचनालयाचा सेक्रेटरी. सोपी गोष्ट सोप्या शब्दांत लिहिली तर लोक तिला मान देत नाहीत, अशी त्याची पक्की समजूत. समोर सतरंजीवर गोव्यातल्या मये गावातली वाड्यावरची पोरं बसली होती. अर्ध्यांना आयांनी हाकलून पाठवलं होतं, आणि उरलेली अर्धी नंतर मिळणाऱ्या भाजी-पावाच्या आशेनं आली होती.

सुविधानं फळ्याकडे पाहिलं, पोरांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि डस्टर उचलून ते तिन्ही शब्द पुसून टाकले. दाराशी उभ्या असलेल्या निलेशचा चेहरा पडला, पण त्याला इलाज नव्हता. तिनं त्या जागी कोकणीत तीन प्रश्न लिहिले : कोण पाहतं, मग काय झालं, आणि घरी जाताना काय नेणार.

कोण पळयता?
मागीर कितें जालें?
घरा वतना कितें व्हरतलो?

"इतलेंच," ती म्हणाली. "गोष्ट आयकल्यार हे तीन प्रश्न विचारचे. पयलो दृष्टिकोन, दुसरी रचना, तिसरो विषय. जालें."

प्रश्न तिचे नव्हते. ते कमलाक्षी टीचरांचे होते. सुविधा चौथीत असताना टीचर हे तीन प्रश्न धड्यालाही विचारत आणि "टीचर, ह्याणें म्हाका मारलें" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पोरालाही विचारत. त्या प्रश्नांच्या जोरावर सुविधा आज स्वतः प्राथमिक शाळेत टीचर झाली होती आणि मुलांसाठी चार गोष्टी लिहूही लागली होती. आणि आज संध्याकाळी ह्याच वाचनालयापुढच्या अंगणात, मांडव घालून, निवृत्त कमलाक्षी टीचरांचा सत्कार होता. त्यात सुविधानं एक गोष्ट सांगायची होती. तिची सगळ्यात आवडती, तिच्या स्वतःच्या आयुष्यातली. सारा वाडा ऐकायला येणार होता.

सकाळी पोरांवर ती गोष्ट घासूनपुसून घ्यावी, असा तिचा साधा बेत होता.

तिनं सांगायला सुरुवात केली. एक छोटी मुलगी असते. तिचे बाबा खाणीवर टिपर चालवत असतात. एक दिवस खाणी बंद होतात, टिपर झाडाखाली उभा राहतो आणि घरात सकाळ-संध्याकाळ पेज सुरू होते. आई पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, सांगते, उद्यापासून पाव नको. पण गेटच्या खिळ्याला टांगलेली पावाची कापडी पिशवी मात्र ती काढत नाही. पिशवी काढली तर पाव बंद झाल्याचं साऱ्या वाड्याला कळेल ना! म्हणून रिकामी पिशवी रोज वाऱ्यावर हलत राहते. मग एका सकाळी मुलगी जनेलातून, म्हणजे खिडकीतून, पाहते तर शाळेत निघालेल्या टीचर गेटपाशी थांबलेल्या, त्यांचा हात पिशवीत. मुलगी धावत जाते. पिशवीत गोल, कडक सालीचे, अजून ऊन असलेले उंडे! आणि मग रोज उंडे. खाणीवर नाही, पण बाबांना कुठंतरी पुन्हा काम लागेपर्यंत, रोज. एकदा तर उंड्यांबरोबर आबोलीचं एक फूलही निघतं. टीचरांचा आशीर्वाद म्हणून आई ते देवापुढे ठेवते. आणि पहिल्या उंड्यांपासूनच कृतज्ञतेनं आपल्या दारच्या आबोलीची फांती, म्हणजे छोटा गजरा, करून मुलीच्या हातून टीचरांना पाठवत राहते.

गोष्टीत एक वाईट माणूसही होतं. त्याशिवाय गोष्टीला चव कुठली? ती शेजारची कजाग बाई. कुंपणावरच्या नीरफणसाच्या पानांवरून मुलीच्या आईशी भांडणारी, पोरांना हाकलणारी, आणि मुलीच्या आईच्या आबोली चोरून स्वतःच्या अंबाड्यात माळणारी. शेवटी सुविधानं आवाज चढवून तात्पर्य सांगितलं : "शेजारी पाठ फिरवतात, पण गुरू पाठीशी उभे राहतात!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी निलेशनं तर डोळे पुसले.

"आता प्रश्न," सुविधा खुशीत म्हणाली. "कोण पळयता?"

"चली!" मुलगी पाहते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"खंयसून?"

"जनेलांतल्यान!"

दुसऱ्या रांगेतली ऋतिका हात वर करून बसली होती. ही पाचवीतली मुलगी सगळ्या शिक्षकांना माहीत असते. दर शाळेत एक असतेच. तिला गप्प बसवता येत नाही आणि बसवूही नये.

"टीचर, तो हात पिशवेंत वतालो, काय पिशवेंतल्यान भायर येतालो?"

"वतालो," सुविधा म्हणाली. मग थांबली. "म्हणजे… पिशवेंत आसलो."

"पूण उंडे घालताना तिणें पळयले?"

"तशें न्हय, पूण…"

"आनी ती शेजारीण फुलां चोरता म्हणटात. चोरताना कोणें पळयलें?"

पोरं सुविधाकडे पाहू लागली. फळ्यावर तिच्याच हातानं लिहिलेला प्रश्न होता. शेजारणीला चोरताना कुणीच पाहिलं नव्हतं. आईनं तिच्या डोक्यावरची आबोली पाहिली होती, एवढंच. सुविधानं भाजी-पाव लवकर मागवला. असल्या वेळी गोव्यात पावासारखा दुसरा आधार नाही.

तिथून ती तडक टीचरांच्या घरी गेली. तिच्या मनात काही फार मोठं नव्हतं. फक्त एवढं विचारायचं होतं, की तुम्ही हात घालत होता ना? टीचर हो म्हणतील, ती उद्या ऋतिकाला सांगेल, आणि संध्याकाळची गोष्ट ठरल्याप्रमाणे होईल.

कमलाक्षी टीचर बल्कांवात, घरापुढच्या बैठकीवर, दोन साड्या मांडून बसल्या होत्या.

"यो गे. सत्काराक खंयची न्हेसूं? ही न्हेसल्यार म्हातारी दिसतां, ती न्हेसल्यार म्हातारी आसून तरणी जावंक सोदता अशें दिसता."

सुविधानं पहिलीवर बोट ठेवलं आणि विषयालाच हात घातला. टीचरांनी सगळं ऐकलं. मग इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला.

"कावळो गे! सादो कावळो! पिशवेंत चोंच घालून बसलो. ताका धांवडायलो आनी पिशवेचें तोंड बांदलें. म्हजें पुण्य तितलेंच."

"पूण उंडे?"

"उंडे आदींच आसले. हांवें एकूय घालूंक ना. जल्मांत केन्नाच ना."

सुविधा साड्यांशेजारीच बसली. "मागीर घालतालें कोण?"

टीचरांनी साडीची घडी नीट केली. परत मोडली. परत केली.

"तें हांव सांगचें ना," त्या म्हणाल्या. "म्हजेकडल्यान सोपूत घेतिल्लो. तोंड बांदून फाटीं परततां तर वंयेर उबी. म्हणटा, टीचर, हे चलयेचे आवयक कळ्ळें जाल्यार उंडे गोरवांक घालतली, पूण खावची ना. कोणाक सांगूं नाकात."

'वंयेर उबी', म्हणजे कुंपणाशी उभी. आणि मुलीच्या आईला कळलं तर ती उंडे गुरांना घालेल, पण खाणार नाही, असं तिचं म्हणणं. सुविधाच्या घराला कुंपण एकाच बाजूला होतं. त्या कुंपणावर नीरफणस होता, आणि त्या नीरफणसापलीकडे एकच घर होतं.

"यशोदा?"

टीचरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. घेतलेली शपथ मोडायची नाही आणि खोटंही बोलायचं नाही, ह्या दोन्हींच्या मधे एक जागा असते. तिथे त्या शांतपणे बसून राहिल्या.

"आनी फुलां?" सुविधानं विचारलं. "हांव तुमकां दर दिसा फांती हाडून दितालें…"

"तुजे आवयचे हातची फांती बरी जाताली," टीचर म्हणाल्या. "पूण म्हजें न्हय तें हांव कशें माळूं? जाचें ताका पावयतालीं."

आता मात्र सुविधाला हसावं की रडावं कळेना, तेव्हा तिनं दोन्ही एकदम केलं. आई रोज खिडकीतून दात-ओठ खायची : "पळय, पळय! आमचीं आबोलीं चोरून माळता आनी मान वयर करून चलता!" ती आबोली आईनंच गुंफलेली होती. आईनंच पाठवलेली होती, टीचरांच्या हातून यशोदेकडे गेलेली. आणि देवापुढे ठेवलेलं ते फूल? पिशवीत वाकून उंडे ठेवताना ते यशोदेच्याच अंबाड्यातून गळलं असणार. आईनं यशोदेच्या डोक्यावरचं फूल कुंकू लावून पूजलं होतं. तेही तिला शिव्या देत देत.

इतकी वर्षं सुविधा मनापासून कृतज्ञ होती. कुणालाही वाटेल असा अभिमान तिला त्या कृतज्ञतेचा होता. ती खोटी नव्हती, फक्त पत्ता चुकला होता. आणि आज संध्याकाळी ती भरल्या मांडवात, माईकवरून, जिच्या उंड्यांवर ती वाढली त्या बाईला कजाग आणि चोर ठरवणार होती. यशोदा पहिल्या रांगेत बसणार होती. मांडवासाठी अंगण सारवायला सकाळी तीच तर आली होती.

"ही गोष्ट हांव सांगचें ना," सुविधा म्हणाली.

"कित्याक?"

"खरी सांगली जाल्यार आईचें कितें? जे बायलेकडेन झगडटा आनी उलयना, तिचे उंडे खाल्ले म्हणून सगळ्या वाड्यामुखार कळटलें. आई उठून वतली."

"आनी ना सांगली जाल्यार?"

नाही सांगितली तर यशोदा तशीच राहील, पानं झाडत, एकटी, कजाग.

"म्हजेकडे उत्तर ना गे," टीचर म्हणाल्या. "म्हजेकडे तीन प्रश्न आसात. ते तुका केन्नाच दिल्यात. आनी ऐक, तुजें तें तात्पर्य काड. सरकारी भिंतीर बरयतात तशें दिसता."

घरी परतताना सुविधा यशोदेच्या गेटपाशी थांबली. यशोदा नीरफणसाची पानं झाडत होती, आणि नेहमीप्रमाणे झाडून झाडून कुंपणाखालून सुविधाच्या आईच्या बाजूला ढकलत होती. काजूगर सोलून सोलून तिची बोटं पेरांपर्यंत काळी पडली होती. काजूच्या सालीचं तेल एकदा कातडीत मुरलं की जात नाही. सुविधाला ती बोटं लहानपणापासून माहीत होती. लहानपणी ती त्यांना भ्यायची.

"कितें गे?" यशोदा म्हणाली. "पानां मेजूंक धाडल्या आवयन?"

सुविधाला म्हणायचं होतं, यशोदामावशी, तुमच्यामुळे आम्ही… पण इतक्या वर्षांचे आभार एका दमात बाहेर येत नाहीत. "ना, अशेंच," ती म्हणाली, आणि जाता जाता तिची नजर यशोदेच्या गेटवर गेली. खिळ्याला पावाची पिशवी टांगलेली होती. कापडाची, धुऊन पांढरी पडलेली, तोंड उघडं.

सुविधा तिथंच उभी राहिली. कोण पाहतं? मुलीनं नीट पाहिलं नाही. आईनं पाहिलं नाही. टीचरांनी पाहिलं, पण त्यांना बोलता येत नाही. सगळं पाहणारी एकच होती, आणि तिला नावं माहीत नव्हती, भांडणं माहीत नव्हती.

"कितें पळयता गे म्हजे पिशवेक?" यशोदा ओरडली. "पिसें लागलां काय?"

"लागलां!" सुविधा म्हणाली आणि धावतच घरी गेली.

संध्याकाळी मांडव भरला. निलेशनं सत्कारमूर्तींची ओळख करून देताना इतके मोठे शब्द वापरले की टीचरांनाच आपण कोण ते कळेना. सुविधाची आई दुसऱ्या रांगेत होती, मांडीवर हिरव्या पानात आबोलीची फांती घेऊन. टीचरांसाठी नेहमीसारखी ताजी, घट्ट गुंफलेली. यशोदा पहिल्या रांगेच्या टोकाला होती, काळी बोटं पदराखाली झाकून. लोकांत बसली की ती बोटं झाकायची. पोरं पुढ्यात सतरंजीवर होती, ऋतिका सर्वांत पुढे.

सुविधा माईकपाशी आली.

"मी एका गेटवरची पावाची पिशवी," ती म्हणाली. "मला डोळे आहेत, पण मी खिळ्याला टांगलेली. त्यामुळे मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत. मला दिसतात ते फक्त हात."

पोरं खुदकन हसली आणि पुढे सरकली.

पिशवीनं सांगितलं. आधी यायचा तो पोदेराचा हात, पिठाचा. मग एके दिवशी तो यायचा थांबला. घरातल्या बाईचा हात आला. त्यानं मला चाचपलं, माझं रिकामं तोंड नीट केलं आणि मला तिथंच ठेवलं. मला वाटलं, रिकाम्या पिशवीला कोण ठेवतं? त्या हाताला घराची अब्रू सांभाळायची होती. मी त्या हातासाठी वाऱ्यावर भरल्यासारखी फुगून दाखवायचे. जमेल तेवढं.

मांडवात कुणीतरी "अगे बाय" म्हणालं. सुविधाच्या आईनं मान खाली घातली.

मग एका पहाटे, पिशवी म्हणाली, शेजारच्या पिशवीतून काढलेले दोन उंडे घेऊन एक हात आला. तो पोदेराचा नव्हता. त्याची बोटं पेरांपर्यंत काळी होती. तो हात घाबरलेला होता. चोर घ्यायला घाबरतात. हा हात द्यायला घाबरत होता. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला. एकदा कावळा आला, तेव्हा खडूचा वास असलेल्या एका हातानं त्याला हाकललं आणि माझं तोंड बांधलं. एका खिडकीतून एका छोट्या मुलीनं नेमकं तेवढंच पाहिलं, आणि तिला वाटलं, तिनं सगळं पाहिलं.

सतरंजीवर ऋतिकानं शेजारच्या मुलीला कोपर मारलं. टीचर साडीचा पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"एके दिवशी," सुविधाचा आवाज आता खाली आला, "काळ्या बोटांचा हात आत आला, तेव्हा वरून माझ्यात एक फूल पडलं. आबोलीचं. कुणाच्या तरी अंबाड्यातून गळलेलं. आबोलीला वास नसतो, म्हणून ते कुणाचं, हे कुणालाच कळलं नाही. मला कळलं. पण मी पिशवी. मला बोलता येत नव्हतं. आज आलं. त्या हाताला मी एवढंच सांगते, की तुझ्यामुळे मी रिकामी राहिले नाही."

ती थांबली. तात्पर्य सांगायचं नव्हतं. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण गोष्ट संपली की नाही हेच मोठ्यांना कळेना. पोरांना कळलं होतं. ती सगळी वळून पहिल्या रांगेतल्या बायकांचे हात शोधत होती.

यशोदेनं हात पदरात आणखी खोल घेतले होते.

सुविधाचं लक्ष फक्त आईकडे होतं. आई उठली. आता आई मांडवाबाहेर जाईल, आणि घरी गेल्यावर आपल्याशीही बोलणार नाही. पण आई पुढे आली. फांती हातात, सरळ टीचरांच्या खुर्चीपाशी. सवयीनंच आली असावी. पाय नेतील तिकडे. तिनं टीचरांच्या केसांकडे हात नेला.

टीचरांनी मान बाजूला घेतली.

"म्हाका नाका गे," त्या म्हणाल्या. "हांव पोस्टमन आसलीं. आता रिटायर जालीं."

आई तशीच उभी राहिली. फांतीकडे पाहिलं, मग रांगेच्या टोकाला पाहिलं. त्या काही पावलांच्या अंतराला तिला किती वेळ लागला, ते सुविधाला सांगता येणार नाही. तिनं स्वतः डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा आई यशोदेच्या मागे उभी होती आणि तिच्या पांढऱ्या झालेल्या अंबाड्यात आबोली खोवत होती. फांती नीट बसेना, कारण आईची बोटं नीट चालत नव्हती. यशोदेनं पदरातून हात काढला आणि काळ्या बोटांनी अंबाडा धरून दिला.

अवघा मांडव ह्या दोघी काय बोलतात म्हणून कान देऊन बसला. निलेश तर माईक घेऊन निघालाच होता. टीचरांनी त्याचा शर्ट मागून ओढला.

"त्या नीरफणसाचीं पानां," यशोदा समोर बघतच म्हणाली, "सगळीं म्हजे वटेन अंगणांत पडटात."

"फाल्यां सकाळीं येतां," आई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. "झाडून काडटां."

"यो," यशोदा म्हणाली. "आनी येतना उंडे हाडूं नाका. म्हजेकडे आसात."